पडद्याकडे तोंड, श्रोत्यांकडे पाठ

पडद्यावरील चित्रांशी माझे वैर नाही. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ दाखविली, तेव्हा चित्रासोबत संवाद होते, गाणी होती. किल्ल्याचा नकाशा खुशाल दाखवा. शंभर शब्दांचे काम होते. पण युक्तिवादाचे तुकडे पाडून ते पडद्यावरून वाचून दाखविणे, याला व्याख्यान म्हणावयाचे? २००३ साली ‘कोलंबिया’ यान कोसळले, सात अंतराळवीर गेले. पंखावर आदळलेल्या फोमचा धोका एका स्लाइडवर मुद्द्यांच्या उतरंडीत असा दडला होता की, तो वरिष्ठांच्या ध्यानी न येणे सहज शक्य होते, असे चौकशी मंडळानेच म्हटले आहे. आणि आमचे वक्ते! परवा ऐन व्याख्यानात वीज गेली. महाशय ती येईतो पाणी पीत बसले. आम्हीही बसलो.