पाहणीशिवाय सही नाही : साठ दिवसांची मुदत

महामुंबई परिसरात काम करणाऱ्या आम्हा स्ट्रक्चरल इंजिनिअरांच्या संघटनेतर्फे हा जाहीर इशारा देण्यात येत आहे. तो चौघांना आहे: आमच्या सभासदांना, गृहनिर्माण सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना, तळमजल्यावरील गाळेधारकांना आणि महापालिकांच्या अधिकाऱ्यांना. चर्चासत्रे झाली, व्याख्याने झाली, निवेदने देऊन झाली. आता मुदत देत आहोत.

इमारतीच्या स्थैर्याचा दाखला आज पैसे मोजून विकत मिळतो, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. फोनवर दर ठरतो. कोणी तरी येऊन मोबाइलवर चार फोटो काढतो. आठवडाभरात लेटरहेडवर अहवाल हातात पडतो आणि त्यात मागच्या सोसायटीच्या मजल्यांची संख्याही तशीच राहिलेली असते. कमिटीला दुरुस्तीचा खर्च टाळायचा असेल, तर इमारत ‘सुरक्षित’ निघते. पुनर्विकासाची घाई असेल, तर तीच इमारत ‘सी-१’, म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडण्याजोगी ठरते. एकाच इमारतीचे दोन परस्परविरोधी अहवाल येण्याचे प्रकार इतके वाढले, की त्यांचा निवाडा करायला मुंबई महापालिकेला तांत्रिक सल्लागार समिती ठेवावी लागते. आमच्या पेशाला याहून मोठी नामुष्की नाही.

या सह्यांची आणि डोळेझाकीची किंमत कोणी मोजली, ते पाहा. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याला लकी कंपाउंडमधली अनधिकृत इमारत उभी राहता राहताच कोसळली. ७४ जण गेले. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला माझगावची बाबू गेनू मंडईची इमारत पहाटे खाली बसली. ६१ जण गेले. ती महापालिकेच्याच मालकीची होती आणि त्यात पालिकेचेच कर्मचारी राहत होते. तळमजल्यावर बेकायदा फेरफार केल्याच्या आरोपावरून तिथल्या भाडेकरूला अटक झाली. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरच्या ‘साई दर्शन’मध्ये १७ जण गेले, तिथेही तळमजल्यावर नूतनीकरण चालू होते. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडची ‘तारिक गार्डन’ ही पाच मजली इमारत पडली, तेव्हा तिला दहा वर्षेही झाली नव्हती. तिथे १६ जण गेले. इमारत पडायला ती जुनी असावीच लागते, हा समज त्या दिवशी संपायला हवा होता.

आणि १४ मार्च २०१९. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल ऐन संध्याकाळच्या गर्दीत कोसळला. त्याचे ऑडिट झालेले होते. अहवालात किरकोळ दुरुस्ती सुचवली होती, पूल धोकादायक ठरवलेला नव्हता. पुढे ऑडिट करणाऱ्याला अटक झाली. आमच्यापैकी प्रत्येकाने ही तारीख पाठ करून ठेवावी.

खरे ऑडिट कसे असते, हे लोकांना माहीत हवे, म्हणजे खोटे ओळखता येईल. इंजिनिअर स्वतः प्रत्येक मजल्यावर, गच्चीवर, पाण्याच्या टाकीखाली आणि संडास-बाथरूमच्या स्लॅबखाली जातो. बीमवर हातोडीने ठोकून पाहतो. काँक्रीट सळईपासून सुटलेले असेल तर आवाज पोकळ येतो. संशयाच्या जागी प्लास्टर काढायला लावतो. उघड्या पडलेल्या ताज्या काँक्रीटवर फिनॉलफ्थॅलीन फवारतो. गुलाबी रंग उमटला तर काँक्रीटचा अल्कधर्मी गुण शाबूत आहे आणि सळईला संरक्षण आहे. रंग उमटलाच नाही, तर तेवढ्या खोलीपर्यंत ते संरक्षण संपले आहे. समुद्राच्या खाऱ्या हवेत सळई गंजते, गंज फुगतो आणि आतून काँक्रीट फोडतो. म्हणून रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक, हाफ-सेल आणि गरज पडेल तिथे कोअर काढून चाचणी घ्यावी लागते. ज्या अहवालात कोणता कॉलम, कोणता मजला, किती आकडा आला याचा तक्ताच नाही, तो अहवाल नव्हे. तो कागद आहे.

आता प्रत्येकाने काय करायचे ते ऐका.

सभासदांनो, जागेवर न जाता, चाचण्या न घेता तुम्ही दिलेला प्रत्येक दाखला आजपासून तीस दिवसांच्या आत लेखी मागे घ्या. ते पत्र सोसायटीला आणि वॉर्ड ऑफिसला, दोन्हीकडे पोहोचले पाहिजे. दुसऱ्याने केलेल्या कामावर आपला शिक्का उठवू देणे आजपासून बंद. ‘असा अहवाल द्या’ म्हणणाऱ्याचे काम नाकारा आणि नाकारल्याचे संघटनेला लेखी कळवा; संघटना तुमच्या पाठीशी उभी राहील. मुदतीनंतर खोटा दाखला सापडला, तर सभासदत्व रद्द होईल आणि परवाना रद्द करण्याची तक्रार पुराव्यांसह आम्हीच संबंधित महापालिकेकडे करू. मैत्री, ज्येष्ठता, पद, काहीही आड येणार नाही. इमारत पडून माणूस मेला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०५ आणि १०६ खाली उभे राहायची वेळ येते आणि तिथे आपली सहीच आपल्याविरुद्ध साक्ष देते.

सोसायटीच्या अध्यक्ष, सचिवांनो, आदर्श उपविधी क्रमांक ७७ तुम्हाला बांधून घालतो. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षे उलटली असतील तर तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट करायलाच हवे. मुंबईत ३० वर्षांवरील इमारतीला महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३ब खाली स्थैर्याचा दाखला द्यावा लागतो. ज्यांचे ऑडिट थकले आहे, त्यांनी साठ दिवसांत नोंदणीकृत इंजिनिअर नेमावा. तीन कोटेशन मागवून सगळ्यात स्वस्त दर पकडण्याची सवय सोडा. आधी विचारा: कोणत्या चाचण्या, किती ठिकाणी, जागेवर कोण येणार? अहवाल आला की तो कपाटात बंद करू नका. सर्वसाधारण सभेत वाचा, प्रत्येक सभासदाला प्रत द्या. ‘सी-२अ’ म्हणजे इमारत पूर्ण किंवा काही भागात रिकामी करून मोठी दुरुस्ती. ती ‘पावसाळ्यानंतर बघू’ म्हणून ढकलणे म्हणजे शेजाऱ्यांच्या जिवाशी खेळणे आहे. साठ दिवसांनंतर आमच्या निदर्शनास येणाऱ्या प्रत्येक थकबाकीदार सोसायटीची लेखी माहिती आम्ही उपनिबंधक आणि वॉर्ड ऑफिसला देऊ.

गाळेधारकांनो आणि फ्लॅटमालकांनो, तुम्हाला मुदत नाही. आजच थांबा. शोरूम मोठे दिसावे म्हणून कॉलम तासणे, पोटमाळ्यासाठी बीमला खाचा पाडणे, परवानगीविना भिंत काढणे, एसीच्या पाइपसाठी बीममधून आरपार भोक पाडणे, हे सगळे ताबडतोब बंद करा. तळमजल्याच्या कॉलमवर वरच्या सगळ्या मजल्यांचे ओझे असते. तो तुमच्या गाळ्यात असला तरी तुमच्या मालकीचा नाही. त्याच्यावर टाइल लावून भेगा झाकल्या असतील, तर त्या टाइल काढून तपासणी करू द्या. शेजाऱ्यांनी कॉलमवर हातोडा चालताना ऐकला तर कमिटीच्या बैठकीची वाट पाहू नका. त्याच क्षणी पोलीस आणि आपत्कालीन नियंत्रण कक्षाला कळवा.

महापालिकांच्या अधिकाऱ्यांनो, आलेला प्रत्येक दाखला तारीख, इमारत आणि परवाना क्रमांकासह लोकांना पाहता येईल अशा नोंदवहीत टाका. एका सहीखाली महिन्याला किती दाखले येतात, हे मोजा. माणसाच्या आवाक्याबाहेरचा आकडा दिसला की चौकशी लावा. ‘सी-१’ची नोटीस चिकटवून हात झटकू नका. लोक घर सोडत नाहीत, कारण एकदा बाहेर पडलो की परत आत येता येणार नाही, ही त्यांना भीती असते. ताब्याचे क्षेत्रफळ मोजून त्याचा दाखला हातात द्या, संक्रमण निवाऱ्याची जागा दाखवा, मग घर रिकामे करायला सांगा. साठ दिवसांत अशी नोंदवही सुरू झाली नाही, तर आम्ही उच्च न्यायालयात जाऊ. याचिकेची तयारी सुरू झाली आहे.

बिल्डरांनाही एक शब्द. ताबा देताना आरसीसीचे नकाशे सोसायटीला देत नसाल, तर पुढचा प्रत्येक ऑडिटर आंधळेपणाने काम करतो. पुढच्या हस्तांतरापासून नकाशे कागदपत्रांच्या यादीत हवेत. ते मिळत नाहीत अशा प्रकल्पावर संघटनेचा सभासद सल्लागार म्हणून काम करणार नाही.

गच्चीवरचे पाणी, सिलिंगचे पोपडे, न लागणारी दारे, कॉलमवरच्या उभ्या भेगा ही लक्षणे कोणालाही दिसतात. ती दिसूनही गप्प राहणारा प्रत्येक जण उद्याच्या दुर्घटनेत भागीदार असेल, मग तो आमचा सभासद असो की कोणी अधिकारी.

मुदत आजपासून सुरू झाली आहे. एकसष्टाव्या दिवशी पहिली तक्रार दाखल होईल. ती आमच्याच एखाद्या सभासदाविरुद्ध असेल, तरीही होईल.