पुस्तक न वाचतां दिलेला निकाल

स्त्रियांच्या हक्कांविषयीं लिहिलेल्या पुस्तकांवर वाद घालण्याची महाराष्ट्रास जुनी हौस आहे. तीं पुस्तकें वाचण्याची हौस मात्र त्या मानानें फारच थोडी. हल्लीं दूरचित्रवाणीवर रोज सायंकाळीं चार-सहा पंडित अशा एखाद्या पुस्तकावर तुटून पडतात, किंवा त्यास डोक्यावर घेऊन नाचतात. आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं केजच्या मोंढ्यांत आडतीच्या गादीवर बसून आमचे कित्येक व्यापारी बंधु तोच निकाल जसाच्या तसा ऐकवितात: असल्या पुस्तकांनीं घरें मोडतात, हें सारें पुण्या-मुंबईचें खूळ आहे, आपल्या बायकांना त्याचें काय? पुस्तकाचें नांव विचारावें तर तें ठाऊक नसतें. लेखिकेचें लग्न टिकलें कीं मोडलें, हें मात्र नक्की ठाऊक असतें. मत प्रतिकूल आहे म्हणून आमची तक्रार नाहीं. पोत्यांत परखी घालून दाणा तळहातावर घेतल्याशिवाय जो मनुष्य तुरीचा भाव बोलत नाहीं, त्यानेंच एक पानही न उलटतां पुस्तकाचा भाव करावा, हें आम्हांस चमत्कारिक वाटतें.

बरें, हा वाद पुण्या-मुंबईच्या स्त्रियांनीं उकरून काढला, हेंही खरें नाहीं. १८८१ सालीं सुरतेस विजयालक्ष्मी नांवाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर आपल्या नवजात अर्भकाची हत्या केल्याचा खटला चालला व तिला फांशीची शिक्षा झाली. अपिलांत फांशी टळून जन्मठेप काळें पाणी आलें, आणि शेवटीं ती शिक्षा पांच वर्षांवर आली. तें अर्भक जिच्या पोटीं आलें तिचें नांव सर्वतोमुखीं झालें. ज्याच्यामुळें आलें त्याचें नांव कोणी विचारलें नाहीं. या प्रकरणाच्या निमित्तानें 'पुणेंवैभव' पत्रानें साऱ्या स्त्रीजातीच्या नीतीवर तोंडसुख घेतलें. त्यास उत्तर आलें तें वऱ्हाडांतील बुलढाण्याहून. तेथील सरकारी कचेरींत काम करणाऱ्या बापूजी हरि शिंदे यांची कन्या ताराबाई यांनीं लिहिलेलें 'स्त्रीपुरुषतुलना' हें पुस्तक १८८२ सालीं पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यांत छापलें गेलें. प्रती निघाल्या ५००. बुलढाणें तेव्हां केवढें होतें? आजच्या केजहून फार मोठें होतें असें म्हणवत नाहीं.

या पुस्तकाचा एक विशेष आमच्या वाचकांनीं ध्यानीं घ्यावा. ताराबाईंनीं केवळ आपलें दुःख सांगितलें नाहीं. स्त्रियांविषयीं पुरुष काय लिहितात तें त्यांनीं आधीं वाचलें. 'मुक्तामाला' कादंबरी, 'मनोरमा' नाटक यांसारख्या त्या काळच्या लोकप्रिय पुस्तकांत स्त्रिया कशा रंगविल्या आहेत, हें त्यांनीं पाहिलें. वर्तमानपत्रांतील आरोप एकेक करून पुढें ठेवला, आणि साहस, कपट, चंचलता वगैरे जे दुर्गुण स्त्रीच्या पदरीं बांधले जातात ते पुरुषांत किती आहेत, याचा हिशेब मांडला. म्हणजे हें पुस्तक मुळांत भाष्यकारांचाच घेतलेला झाडा होतें. उलट त्या पुस्तकाच्या वांट्यास काय आलें? जोतीराव फुले यांनीं १८८५ सालीं 'सत्सार'मध्यें त्याची पाठराखण केली, तेवढा अपवाद सोडला तर तें विस्मृतींत गेलें. स. गं. मालशे यांनीं १९७५ सालीं तें पुन्हां छापून लोकांपुढें आणीपर्यंत ९३ वर्षें लोटलीं होतीं. एवढ्या तेजस्वी लेखणीचें दुसरें पुस्तक आज आपल्यापुढें नाहीं. न वाचतां दिलेल्या निकालाची किंमत ती एवढी.

पुढेंही तऱ्हा तीच. १९३३ सालीं 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या टोपणनांवानें निघाला. शिकलेल्या, मिळवत्या, पण अविवाहित मुलींच्या मनांतील कोंडमारा त्यांत मांडला होता. त्या कोंडमाऱ्याची चर्चा व्हावी, ती थोडी झाली; ही विभावरी कोण, स्त्री कीं पुरुष, याचा शोध मात्र कसोशीनें झाला. त्या बाळूताई खरे, म्हणजेच पुढच्या मालतीबाई बेडेकर, हें कळल्यानें कथांतील एक अक्षर तरी खरें वा खोटें ठरलें काय?

येथें दुसऱ्या पक्षासही दोन शब्द ऐकविणें आम्हांस प्राप्त आहे. स्त्रीवादी म्हणविणारे भाष्यकारही वाचनाच्या बाबतींत फारसे निर्दोष नाहींत. फ्रान्सांतील सिमोन द बोव्हुआर या विदुषीचा 'द सेकंड सेक्स' हा ग्रंथ १९४९ सालचा. करुणा गोखले यांनीं केलेलें त्याचें मराठी भाषांतर निघालें २०१० सालीं. मधल्या साठ वर्षांत त्यांतील एक-दोन वाक्यें व्यासपीठावरून किती फेंकलीं गेलीं! ज्या ग्रंथांत जीवशास्त्र, इतिहास, पुराणकथा व बालपणापासून वार्धक्यापर्यंतचें स्त्रीचें आयुष्य एवढें सगळें तपासलें आहे, त्याचें एखाद्या सुभाषितांत सार काढणें म्हणजे त्याची निंदा करण्याइतकेंच सोपें आहे. शिवाय आतां लेखक स्वतःच भाष्यकार होतो. पुस्तक खपावें म्हणून रोज पडद्यावर यावें लागतें, आणि पडद्यावर रोज यावयाचें तर रोज कांहीं तरी झणझणीत बोलावें लागतें. त्या झणझणीत बोलण्यावरून पुस्तकाची परीक्षा करणें, हा लेखकावर अन्याय असला तरी त्यांत त्याचाही थोडा हात असतो.

राहतां राहिला प्रश्न, 'आपल्या बायकांना त्याचें काय?' हा. हा प्रश्न उपहासानें विचारला जातो, पण आम्ही तो गंभीरपणें घेतों. २०११ च्या जनगणनेंत बीड जिल्ह्यांत सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागें मुली भरल्या ८०७. साऱ्या महाराष्ट्रांत हा नीचांक होता, आणि दहा वर्षांपूर्वीं हाच आंकडा ८९४ होता. पुढें ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाला, तेव्हां २०१९ सालीं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली. जिल्ह्यांतील सुमारें ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकीं १३ हजारांहून अधिक स्त्रियांचीं गर्भाशयें काढलेलीं आढळलीं. फडांत नवरा-बायको मिळून एक कोयता; उचल मुकादमाकडून नवरा घेतो; विटाळाच्या दिवसांत खाडा पडला तर पैसे कापले जातात. घर मोडण्याची ज्यांस चिंता आहे त्यांनीं सांगावें कीं, हीं घरें कोणत्या लेखिकेच्या पुस्तकानें मोडलीं?

यावर कोणी म्हणेल कीं, शहरांतल्या लेखिकेस कोयता ठाऊक नाहीं; तिच्या पुस्तकांत स्वयंपाकघर आहे, नोकरी आहे, फड नाहीं. हा आक्षेप खरोखर वजनदार आहे, आणि तो पुष्कळ पुस्तकांस लागूही पडतो. परंतु तो घेण्याचा अधिकार वाचणाऱ्यास आहे. आणि ज्यांनीं वाचलें त्यांनीं तो पूर्वींच घेतला आहे. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनीं १९८९ सालीं 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ सिद्ध केला, तो आंबेडकरी चळवळींतील ज्या स्त्रियांचीं नांवें कोणी लिहून ठेवलीं नव्हतीं त्यांच्यासाठीं. ऊर्मिलाबाईंचें 'आयदान' २००३ सालीं निघालें, तेव्हां त्यावर घरच्या माणसांनीं, चळवळींतल्या माणसांनींही राग धरला. पण आत्मचरित्र लिहिणारी स्त्री घराबाहेरच्या अन्यायाबरोबर घरांतलाही अन्याय सांगणारच. आणि लांब कशास जावें? शेजारच्या अंबाजोगाईस शैला लोहिया यांनीं 'मानवलोक' व 'मनस्विनी' यांच्या कामांत हयात घालविली आणि 'भूमी आणि स्त्री' हें पुस्तक लिहिलें. तें पुण्या-मुंबईचें खूळ म्हणतां येणार नाहीं. केजहून अंबाजोगाईस जाण्यास एस्. टी. पुरते.

म्हणून आमची सूचना अगदीं साधी आहे. केजच्या व तालुक्यांतील मोठ्या गांवांच्या वाचनालयांनीं हीं पुस्तकें घ्यावींत, आणि त्यांचें प्रकट वाचन ठेवावें. आरंभ 'स्त्रीपुरुषतुलने'नेंच करावा, कारण तें पुस्तक लहान आहे, दोन-तीन बैठकींत संपेल. वाचनास स्त्रिया असाव्यात, आणि वाद प्रथम त्यांनीं करावा. मोंढ्यांतील सद्गृहस्थांनीं प्रतिकूल बोलावयाचें असेल तर अवश्य बोलावें, मात्र पानाचा आंकडा सांगून. व्यापारी मंडळींनीं प्रतींचा खर्च सोसला तर तो सत्यनारायणाच्या एका पंक्तीहून अधिक होणार नाहीं. आणखी एक गोष्ट: हे कार्यक्रम ८ मार्चच्या महिलादिनास जोडून ठेवूं नयेत. त्या सुमारास तालुक्यांतील कितीएक बायका कारखान्यांच्या पट्ट्यांत, पाचटाच्या कोपींत असतात, आणि सत्कार होतात ते मागें राहिलेल्यांचे. पट्टा पडून टोळ्या अक्षय्यतृतीयेपर्यंत बहुधा गांवीं परततात. वैशाखांत, ऊन कलल्यावर, वाचन ठेवावें. पावसाची व पेरणीची धांदल सुरू होण्यास तेव्हां महिनाभर तरी अवकाश असतो.