शासन निर्णय मुख्याध्यापकाच्या मोबाईलमध्ये, पालक मात्र अंधारात!

शाळेसंबंधीची बातमी गावाला कळते ती सर्वात शेवटी. मंत्रालयात शासन निर्णय निघतो, पुण्याहून त्याचे परिपत्रक होते, जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडून ते गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, तिथून केंद्रप्रमुखांकडे जाते आणि केंद्रप्रमुखांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून मुख्याध्यापकाच्या मोबाईलवर येऊन थांबते. तिथे रस्ता संपतो. ज्याच्या लेकराचा वर्ग बंद होणार, ज्याच्या लेकीची शिष्यवृत्ती बुडणार, तो पालक त्या ग्रुपमध्ये नसतो. त्याला कळते तेव्हा गुरुजींची बदली झालेली असते, नाहीतर अर्जाची मुदत संपलेली असते.

आमच्या शेलूबाजारचेच पाहा. मंगरूळपीर तालुक्यातले हे बाजाराचे गाव. आसपासच्या खेड्यांतला माणूस सोयाबीन-तूर विकायला, औषध घ्यायला, दाखला काढायला इथे येतो. इथून समृद्धी महामार्ग जातो. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी असा त्याचा पहिला टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग पुरा झाला. नागपूरची मोटार आता काही तासांत मुंबईला पोचते. पण महामार्गाच्या पुलाखालून जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावरच्या गावातली सातवीची मुलगी कुठे पोचते, याचा हिशेब कोणी मांडत नाही. वाशीम जिल्ह्याचा समावेश २०१८ साली केंद्र शासनाने 'आकांक्षित' जिल्ह्यांत केला. आकांक्षित म्हणजे मागासलेला, फक्त शब्द गोड! या जिल्ह्यांची प्रगती ज्या कसोट्यांवर मोजली जाते, त्यांत शिक्षण ही एक मोठी कसोटी आहे. एका हाताने मोजमाप करायचे आणि दुसऱ्या हाताने शिक्षक काढून घ्यायचा, हा कुठला न्याय?

शिक्षक काढून घेण्याचा हा प्रकार १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयातून आला. संचमान्यतेचे म्हणजे कोणत्या शाळेला किती शिक्षक मंजूर करायचे याचे सुधारित निकष त्यात आहेत. सहावी ते आठवीचा पट २० पेक्षा कमी असेल तर त्या गटाला शिक्षकपदच मंजूर होत नाही, असा त्याचा परिणाम. २०२५ मध्ये संचमान्यतेचे कागद शाळांच्या हाती पडले आणि अनेक ठिकाणी 'मंजूर पदे शून्य' असे छापून आले. वर्ग आहे, बाके आहेत, मुले आहेत, पुस्तके वाटलेली आहेत, शिक्षक मात्र शून्य! ५ डिसेंबर २०२५ रोजी राज्यभरातल्या शिक्षकांनी शाळा बंद ठेवून आंदोलन केले, तेव्हा हा शासन निर्णय रद्द करा ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. शिक्षक आपल्या नोकरीसाठी रस्त्यावर उतरले, ते समजण्यासारखे आहे. आपण आपल्या लेकरांसाठी उतरलो काय?

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण याबाबतीत कायदा आपल्या बाजूला उभा आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम सन २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या अनुसूचीत शिक्षकसंख्येचे मान दिले आहे. पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. सहावी ते आठवीसाठी प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक, आणि तोही अशा रीतीने की विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा या तिन्हींना माणूस मिळावा. ही अनुसूची आम्ही पुन्हा पुन्हा वाचली. त्यात '२० मुले असतील तरच' अशी अट कुठेही नाही. संसदेने केलेल्या कायद्याचे किमान मान राज्य शासनाच्या एका निर्णयाने खाली आणता येते काय? वकिलीचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही याचे उत्तर 'नाही' असेच देईल. नववी-दहावी मात्र या कायद्याच्या बाहेर आहे. तिथली लढाई वेगळ्या मुद्द्यांवर लढावी लागेल, हेही लक्षात ठेवावे.

आणि पट कमी का झाला? तो आपोआप कमी झालेला नाही. ज्याच्या खिशात पैसा आला त्याच्या मुलाला न्यायला सकाळी पिवळी गाडी दारात येते. मागे उरतात मजुराची, विटभट्टीवाल्याची, ऊसतोडीला जाणाऱ्याची मुले, तांड्यावरची मुले आणि मुलगे कॉन्व्हेंटला गेले तरी गावातच ठेवलेल्या मुली. म्हणजे 'कमी पटाची शाळा' ही शाळा कोणाची, हे वेगळे सांगायला नको. गेल्या उन्हाळ्यात जवळच्या खेड्यातला एक बाप आमच्याकडे आला. म्हणाला, "वकीलसाहेब, पोरगी सातवीत गेली, गुरुजी गेले. दुसऱ्या गावच्या शाळेत घाला म्हणतात. पास फुकट हाये, पण गाडीच येत नाही, तर पास काय चाटायचा?" ग्रामीण मुलींसाठी एसटीचा अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास आहे, हे खरे. पण ज्या रस्त्यावर गाडीच धावत नाही तिथे तो नुसता कागद.

हे एका निर्णयाचे प्रकरण नाही. २१ सप्टेंबर २०२३ च्या पत्रातून समूह शाळांचा, म्हणजे लहान शाळा एकत्र करण्याचा विषय पुढे आला. त्यावेळी राज्यात २० पेक्षा कमी पटाच्या शाळा १४,७८३ आणि त्यांत शिकणारी मुले सुमारे १ लाख ८५ हजार, असे आकडे सरकारी कागदांतूनच बाहेर आले. विरोध झाला, शासनाने शाळा बंद करणार नाही असे सांगितले. मग ५ सप्टेंबर २०२४ रोजी (शिक्षकदिनी!) २० पर्यंत पटाच्या शाळांत दोनपैकी एक शिक्षक महिना १५ हजारांवर कंत्राटी नेमण्याचा निर्णय निघाला. ओरड झाली, तेव्हा त्याच महिन्यात तो १० पर्यंतच्या पटापुरता केला गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो रद्दच झाला. दीड वर्षात एवढ्या कोलांटउड्या! प्रत्येक उडीनंतर गावात एकच प्रश्न शिल्लक राहतो, या जूनला शाळेत गुरुजी येणार की नाही?

आरटीईच्या २५ टक्के प्रवेशांचेही तेच झाले. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला गरिबांच्या मुलांना प्रवेश देण्यातून सूट देण्यात आली. ६ मे २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली, १९ जुलैला ती रद्दबातल ठरवली आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. न्यायालयात आपण जिंकलो. पण मधल्या काळात ज्यांनी बदललेल्या नियमाने अर्ज भरले, ज्यांना पुन्हा अर्ज भरायचा आहे हेच कळले नाही, ते कुठे गेले? शहरातल्या पालकाने वर्तमानपत्र वाचून नवा अर्ज भरला. खेड्यातल्या पालकाला निकाल कळला तेव्हा निम्मे सत्र निघून गेले होते.

तिसरी गोष्ट आधारची. संचमान्यतेसाठी ३० सप्टेंबरचा पट धरतात, आणि त्यातही ज्या मुलाचे आधार ऑनलाईन जुळते तेच मूल मोजण्याची पद्धत २०२२-२३ पासून आली. नावात एक वेलांटी चुकली, बोटांचे ठसे जुळले नाहीत की वर्गात बसलेले जिवंत मूल संगणकाला दिसत नाही! सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे नाही आणि ६ ते १४ वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क आहे, ती शासनाची खिरापत नव्हे, हे स्पष्ट केले. मग प्रवेशाला आधार लागत नाही आणि शिक्षक मिळायला मात्र लागते, हा मागच्या दाराचा मार्ग नव्हे काय? कामासाठी गाव सोडणाऱ्यांच्या मुलांना याचा फटका सर्वात जास्त बसतो. सप्टेंबरअखेर पोर शाळेत असते, आधार दुरुस्त व्हायच्या आत कुटुंब बाहेरगावी निघून जाते.

बाबासाहेबांनी १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर भाषण केले. त्यात त्यांनी भावनेला हात घातला नाही, आकडे मांडले. सरकार दारूच्या करातून दरडोई किती घेते आणि शिक्षणावर दरडोई किती खर्च करते, याचा हिशेब त्यांनी सभागृहापुढे ठेवला. पहिलीत आलेल्या मुलांपैकी चौथीपर्यंत किती टिकतात, तेही मोजून दाखवले. अर्थसंकल्प वाचून ते बोलले, म्हणून सरकारपक्षाला उत्तर द्यावे लागले. आमच्या चळवळीत जयंतीच्या मिरवणुकीचा हिशेब चोख ठेवणारे कार्यकर्ते आहेत, पण गावच्या शाळेचा ३० सप्टेंबरचा पट किती, हे विचारले तर चारचौघे एकमेकांकडे बघतात.

मुख्याध्यापकाला दोष देणे सोपे आहे. पण दोनशिक्षकी शाळेचा मुख्याध्यापक दोन-तीन वर्ग शिकवतो, सरल भरतो, यू-डायस प्लस भरतो, शालार्थचे वेतन पाहतो, पोषण आहाराची रोजची नोंद करतो आणि अपार क्रमांकासाठी पालकांच्या संमत्या गोळा करतो. कायद्याचे कलम २७ म्हणते की शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक याखेरीज अशैक्षणिक काम देऊ नये. माहिती भरण्याचे काम 'शैक्षणिक' म्हणून त्याच्या माथी मारले की कलम जागच्या जागी राहते आणि वर्ग रिकामा होतो. त्यात १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सेवेची पाच वर्षांहून अधिक शिल्लक असलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होणे बंधनकारक केले. पन्नाशीतले गुरुजी रात्री परीक्षेचा अभ्यास करतात. दुसरीकडे २०२५ मध्येच नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचा घोटाळा उघडकीस आला, म्हणजे पैसे मोजून शिक्षक झालेले वेगळेच! प्रामाणिक माणसावर पोर्टलचा पहारा आणि लबाडाला तेच पोर्टल मोकळे.

तेव्हा माहिती मागितल्याशिवाय ती आपल्याकडे येणार नाही. शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर मराठीतच असतात, प्रत्येकाला सांकेतांक असतो, वाचायला दमडी लागत नाही. बी. ए. झालेला एक तरुण प्रत्येक वस्तीत आहे. रविवारी विहारात वंदनेनंतर त्याने त्या आठवड्याचा शिक्षण विभागाचा एक निर्णय वाचून दाखवला तर अर्धा तासही जाणार नाही. अनुसूचित जातीच्या मुलींची सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती मुख्याध्यापकाच्या प्रस्तावावर मिळते. प्रस्ताव गेला की नाही, हे विचारायला लाजायचे कशाला? आठवीतल्या मुलांसाठी एनएमएमएस परीक्षा आहे. पालकांचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मूल निवडले गेले तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. खासगी विनाअनुदानित शाळेतल्या मुलाला ती नाही, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्याला आहे. आमच्या भागात कितीजणांना हे ठाऊक आहे?

शाळा व्यवस्थापन समिती कलम २१ प्रमाणे नेमायची असते. तीनचतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला, आणि वंचित घटकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात जागा. बहुतेक गावांत ही समिती सरपंचाच्या ओसरीवर ठरते आणि आपल्या बायाबापड्यांच्या सह्या रजिस्टरवर घरपोच होतात. कोऱ्या पानावर सही करू नका, हे आम्ही वकील म्हणून सांगतो. समितीचे अध्यक्षपद पालकाचे असते, मुख्याध्यापक सचिव असतो. कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा समितीने करायचा असतो. किती शिक्षक हवेत, ते त्यात लिहून ठराव करा.

वर्गाला शिक्षक नसेल तर कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे इथे जिल्हा परिषदेकडे, लेखी तक्रार करता येते. त्यांनी तीन महिन्यांत निर्णय दिला पाहिजे, नाही पटला तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. सोबत दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाकून मागील तीन वर्षांच्या संचमान्यतेच्या प्रती आणि आधार न जुळल्याने वगळलेल्या मुलांची संख्या मागवावी. मुलांची नावे मागू नयेत, संख्या पुरे. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जायची वेळ आलीच, तर पहिल्याच दिवशी विचारतील, तक्रार केली होती काय? त्यामुळे अर्ज दोन प्रतींत करावा, आवक शिक्का मारून एक प्रत आपल्याकडे ठेवावी आणि तीन महिने त्या शिक्क्याच्या तारखेपासून मोजावेत.