खानदेशाला इतिहास नाही म्हणणाऱ्यांना

‘सामाजिक इतिहास हे पाश्चात्त्यांकडून उसनं आणलेलं खूळ आहे. लढाया, तह, राजवटी हाच खरा इतिहास. तो आपल्या खानदेशात फारसा घडलाच नाही,’ असं ठासून सांगणारे जाणकार जळगाव-धुळ्यात आजही भेटतात.

उसनवारीचा आरोप टिकत नाही. फ्रान्समध्ये सामाजिक इतिहासाचं ‘अनाल’ नियतकालिक निघालं १९२९ साली. खेड्याच्या रहाटीची मांडणी करणारा त्र्यं. ना. आत्र्यांचा ‘गावगाडा’ १९१५चा. इतिहासाचार्य राजवाडे १९२६च्या अखेरीस धुळ्यात वारले, त्याआधीच त्यांनी भारतीय विवाहसंस्थेच्या इतिहासाला हात घातला होता. त्यांचा जात्यभिमान मला मान्य नाही. पण त्याला सज्जड उत्तर धुळ्याच्याच शरद पाटलांनी दास-शूद्रांच्या गुलामगिरीचा माग काढून दिलं. वाद घरचा आहे, आणि जुना आहे.

दुसरा आक्षेप, सामाजिक इतिहासात राजकारण येत नाही. मग १८५२ साली सावदा, फैजपूर, एरंडोलकडचे शेतकरी इंग्रजांच्या जमीनमोजणीविरुद्ध उठले, ते काय होतं? सारा किती बसणार हे त्या मोजणीवर ठरणार होतं. उठाव मोडायला सरकारला फौज आणावी लागली. राजकारण दरबारातच होतं असं मानणाऱ्याला ते बांधावर दिसत नाही, एवढंच.

‘पुरावा कुठे आहे?’ हा प्रश्न मात्र रास्त आहे. उत्तर धुळ्याच्या पांझरा नदीकाठी शोधा. तिथल्या बंधाऱ्यांखालची फड पद्धत काही शतकं चालली. पाटाखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे भाग, पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, उसाचा फड दरवर्षी फिरवायचा. पाणी पाटकऱ्याने द्यायचं, राखण जागल्याने करायची, मोबदला धान्यात. शेतकऱ्याने हात घालून पाट फोडायचा नाही. पाण्यासारख्या भांडणाच्या गोष्टीत माणसांनी बसवलेली ही शिस्त एखाद्या किल्लेदाराच्या बखरीपेक्षा कमी मोलाची कशी? आणि तिच्यात पाणी कुणाला मिळालं नाही, ज्याला जमीनच नव्हती त्याचं काय झालं, हेही याच अभ्यासाने विचारायचं आहे. नुसतं गुणगान केलं तर तोही दरबारी इतिहासच.

राजवाड्यांच्या मागे १९२७ साली उभं राहिलेलं संशोधन मंडळ धुळ्यात आहे. घरात फडाच्या, साऱ्याच्या, सावकारीच्या जुन्या वह्या असतील तर रद्दीत घालू नका; आधी तिथे दाखवा. गावात म्हातारा पाटकरी असेल तर याच हिवाळ्यात त्याच्याशी बोलून घ्या, आणि त्याचं बोलणं त्याच्या अहिराणीतच लिहून ठेवा.