कर्डे ते कार्ड : ‘फुकट’ कर्जाची किंमत

अलीकडे एक सल्ला वारंवार दिला जातो. वार्षिक शुल्क घेणारे हॉटेल-बक्षिसांचे क्रेडिट कार्ड परत करा आणि बिनशुल्काचे घ्या. मुक्कामाचे पॉइंट थोडे कमी मिळाले तरी वर्षाचे शुल्क वाचते. मॅरियट आणि एचडीएफसी बँक यांचे संयुक्त कार्ड भारतात २०२३ साली आले ते वार्षिक ३,००० रुपये शुल्कासह. अमेरिकेत हिल्टनच्या नावाचे एक कार्ड पूर्वीपासून बिनशुल्काचे आहे. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की निर्णय सोपा वाटतो. या सल्ल्यातील वजाबाकी बरोबर आहे. खोटा आहे तो त्यातील एकच शब्द, ‘फुकट’. कर्ज देणाऱ्याने कागदावर लिहिलेला आकडा आणि त्याने प्रत्यक्षात वसूल केलेली किंमत यांतील अंतर पाहायचे, तर पुणे जिल्ह्याच्या शिरूर आणि दौंड भागाकडे जावे लागते. १८७५ मध्ये दौंडचा बराचसा परिसर भीमथडी तालुक्यात मोडत असे.

शिरूर तालुक्यातील कर्डे हे गाव. १८७४ च्या अखेरीस काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध सुमारे १५० रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि त्यांचे घर पाडायला घेतले. मोडलेल्या घराच्या लाकूड-विटांची सावकाराला फारशी किंमत नव्हती. देशमुखांना मात्र ते राहते घर होते. गावाने यावर जे उत्तर दिले त्यात सुरुवातीला काठी नव्हती. सावकाराचे शेत कोणी कसायचे नाही, पाणी कोणी भरायचे नाही, हजामत कोणी करायची नाही, दुकानात कोणी पाय ठेवायचा नाही. हा बहिष्कार आसपासच्या गावांत पसरला. पुढे १२ मे १८७५ रोजी सुपे येथे, ऐन बाजाराच्या दिवशी, जमावाने सावकारांची दुकाने फोडली आणि वह्या व रोखे यांची होळी केली. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. तेव्हा ते भीमथडीत होते. तेथून लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत गेले, आणि सुमारे ९५० माणसांना अटक झाली.

या घटनेचे समाजमाध्यमांवर सांगितले जाणारे रूप बहुधा दोन वाक्यांचे असते : अडाणी कुणब्याला परप्रांतीय सावकाराने फसवले आणि कुणबी भडकला. हल्ल्याचा रोख बहुतांशी मारवाडी आणि गुजर सावकारांवर होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तेवढ्यावर थांबणारा इतिहास जमावाच्या हातातील वस्तूकडे पाहतच नाही. चौकशी आयोगाने नोंदवलेली बाब अशी की बहुतेक ठिकाणी लोकांना हवे होते ते रोखे, हुकूमनामे आणि कर्जाची इतर कागदपत्रे. सावकाराने ती मुकाट्याने काढून दिली, तर जमाव सहसा पुढे काही न करता पांगे. हे अडाण्याचे वर्तन नव्हे. वाचता न येणाऱ्या माणसाला आपली मान कोणत्या कागदात अडकली आहे, हे नेमके कळलेले होते.

तो कागद इतका जड का झाला, याचे उत्तर एका कायद्यात आहे, आणि तो कायदा ऋणकोच्या संरक्षणासाठी केलेला होता. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षे ठरवली. वर्षानुवर्षे व्याज साचू नये, हा हेतू. प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेऊ लागला. जुने मुद्दल अधिक थकलेले व्याज मिळून नवे मुद्दल, आणि त्यावर पुन्हा व्याज. रयतेला त्या दिवशी एक पैसाही द्यावा लागत नसे. फक्त अंगठा. नवा रोखा हा सवलतीसारखाच दिसे : जुने मिटले, नवे सुरू झाले, मुदत वाढली. आयोगापुढे आलेल्या एका प्रकरणात १०० रुपयांच्या कर्जावर २,००० रुपयांहून अधिक व्याज आकारले गेले होते. पैसे फेडल्यावर पावती मिळत नाही, रोख्यात भलतेच आकडे घातले जातात, पीक पडत्या भावाने उचलले जाते, या तक्रारी तर सर्वत्र होत्या. कर्ज देतानाच मनोती म्हणून काही रक्कम कापून घेण्याची रीतही जुनीच होती. मात्र एखाद्या सावकाराने ‘मनोती माफ’ असे जाहीर केले असते, तरी त्या १०० रुपयांचे २,००० व्हायचे थांबले नसते. मनोती हा दर्शनी आकडा होता. खरी किंमत नूतनीकरणात दडलेली होती.

आता कार्डाकडे पाहावे. शुल्क माफ झाले आणि ३,००० रुपये वाचले. त्यावरचा १८ टक्के जीएसटी धरून ३,५४०. समजा, रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागलेल्या तरुणाची ५०,००० रुपयांची बाकी थकली. भारतात अनेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्के किंवा त्याहून थोडा अधिक व्याजदर लागतो. साडेतीन टक्क्यांनी महिन्याचे व्याज १,७५०, त्यावर जीएसटी ३१५, एकूण २,०६५ रुपये. किमान देय रक्कम बाकीच्या पाच टक्के धरली तर २,५००. ती इमानदारीने भरल्यावर मुद्दलातून कमी होतात ४३५ रुपये. दोन महिन्यांत वाचलेले शुल्क गेले आणि वर सुमारे ५७० रुपये गेले. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही संपते. व्याज खरेदीच्या दिवसापासून धावू लागते. ‘किमान देय’ ही ओळ म्हणजे तीन वर्षांचा रोखा दर महिन्याला नवा करण्याची सोय आहे. अंगठ्याची जागा बटणाने घेतली, इतकेच.

पॉइंटांचे गणितही भीमथडीच्या शेतकऱ्याला ओळखीचे वाटले असते. धान्य त्याचे, माप सावकाराचे, भाव सावकाराचा. पॉइंट कार्डधारकाच्या नावावर जमा होतात. पण एका रात्रीच्या मुक्कामाला किती पॉइंट लागतील आणि ते कधी बाद होतील, हे हॉटेल कंपनी ठरवते आणि वाटेल तेव्हा बदलते. शिरूर-दौंडच्या रस्त्यावर रात्र झालीच तर माणूस पाहुण्याकडे नाहीतर साध्या लॉजवर उतरतो. पॉइंट खपायचे ते पुण्या-मुंबईच्या साखळी हॉटेलांत, म्हणजे ते वापरण्यासाठी आधी प्रवास, जेवण आणि वरखर्च आला.

यावरचा पहिला आक्षेप ठरलेला आहे. दर महिन्याला पूर्ण बिल भरणाऱ्याचे काय बिघडते? काहीच नाही. त्याच्यासाठी शुल्काचे कार्ड टाकून बिनशुल्काचे घेणे हा शहाणा निर्णय आहे, आणि त्याला रोखू नये. मात्र त्याच्या फुकट रात्रीचे पैसे कोणीतरी भरत असतो : काही भाग दुकानदार, ज्याच्याकडून प्रत्येक व्यवहारावर शुल्क कापले जाते, आणि काही भाग तो कार्डधारक, ज्याची बाकी थकलेली आहे. कार्ड बदलण्याचे स्वातंत्र्य ज्याला खरोखर हवे, नेमके त्यालाच ते नसते. बाकी असेपर्यंत खाते बंद होत नाही. कर्ड्याच्या रयतेलाही कोणी म्हणू शकला असता की सावकार बदला.

दुसरा आक्षेप अधिक जुना आहे : लोक उधळे असतात, म्हणून बुडतात. १८७५ नंतरही हेच म्हटले गेले, लग्नकार्यांतील खर्चाकडे बोट दाखवून. खुद्द आयोगाला ते पटले नाही. लग्ने कुटुंबात क्वचित होतात आणि त्या खर्चाला अवास्तव महत्त्व दिले जाते, असे त्याचे मत पडले. हाच आयोग पुढे सरकारच्या सारावाढीला मात्र सोडून देतो, हा त्याचा मोठा दोष. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धात मँचेस्टरला कापूस हवा होता, तेव्हा दख्खनच्या शेतकऱ्याला कापसाच्या एकरामागे १०० रुपये आगाऊ मिळत होते. कोणी पात्रता विचारत नव्हते. युद्ध संपले, उधारी आटली, आणि त्याच सुमारास नव्या जमाबंदीने सारा कित्येक ठिकाणी ५० ते १०० टक्क्यांनी वाढवला. पतमर्यादा आपणहून वाढवून देणारा आणि अडचणीच्या महिन्यात ती गोठवणारा एकच असतो, हे तेव्हा रयतेने पाहिले. उधळेपणाची गोष्ट सरकारला सोयीची होती. आज ती बँकांना सोयीची आहे.

तरीही त्या सरकारला एक गोष्ट करावी लागली, आणि तरुण इतिहासप्रेमींनी सर्वाधिक लक्ष द्यावे ते येथे. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांत न्यायालयाला रोख्याच्या मागे जाण्याचा अधिकार दिला. रोख्यावर अंगठा आहे म्हणजे विषय संपला, असे राहिले नाही. व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासायचा, मुद्दल आणि व्याज वेगळे काढायचे, दामदुप्पटीचे जुने तत्त्व धरायचे. पावती, वार्षिक हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क ऋणकोला मिळाला. कायद्यात पळवाटा होत्या. सावकारांनी कर्जाऐवजी विक्रीखते लिहून घेतली. पण प्रश्न योग्य होता.

१९८४ मध्ये बँकिंग नियमन कायद्यात कलम २१अ घालण्यात आले. बँकेने लावलेले व्याज अवाजवी आहे एवढ्या कारणावरून न्यायालयाने व्यवहार पुन्हा उघडायचा नाही, असे ते सांगते. भीमथडीच्या कुणब्यासाठी १८७९ मध्ये उघडलेले दार सुशिक्षित कार्डधारकासाठी बंद आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये थकीत कार्डबाकीवर ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. दर ठरवणे रिझर्व्ह बँकेच्या कक्षेतील बाब आहे, आणि रिझर्व्ह बँकेने कार्डांसाठी वरची मर्यादा घातलेली नाही. वर्षाला ४२ टक्के म्हणजे सरळ व्याजानेसुद्धा अडीच वर्षांच्या आत दामदुप्पट. यावर कोणी रस्त्यावर येत नाही. चर्चा चालते ती वार्षिक शुल्काची.

सगळेच नियम बँकेच्या बाजूचे आहेत असेही नाही. २०२२ च्या निर्देशांनुसार न भरलेली शुल्के आणि कर मुद्दलात मिळवून त्यांवर चक्रवाढ लावता येत नाही. रोख्याच्या नूतनीकरणातील निदान एक पेच त्यामुळे सुटतो. आणखी एक नियम कार्ड बदलू पाहणाऱ्याने शुल्काच्या रकान्याआधी वाचावा. बाकी शून्य असताना ग्राहकाने कार्ड बंद करण्यास सांगितले, तर ते सात कामकाजी दिवसांत बंद करावे लागते; उशीर झाल्यास दर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. फेडलेला रोखा परत मिळावा, एवढ्याचसाठी सुप्याच्या बाजारात दुकाने फोडावी लागली होती.