वरचे शेत, खालचे शहर



जालन्याचे बियाणेवाले बद्रीनारायण बारवाले यांना १९९८ साली ‘वर्ल्ड फूड प्राइज’ हा मोठा मान मिळाला, हे तुमच्यापैकी पुष्कळांच्या कानांवर असेल. ज्या शहरातून हा पुरस्कार दिला जातो ते डि मॉईन, अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यातल्या आयोवा राज्याची राजधानी. वस्ती दोन लाखांवर. आज त्या शहराची हकिकत सांगतो. पण पुरस्काराची नव्हे, पाण्याची.

शहर खरे, पण शेतीवर पोसलेले. भोवती दृष्टी पोचेल तिथवर मका आणि सोयाबीन. मक्यात आणि डुकरे पाळण्यात आयोवाचा नंबर साऱ्या अमेरिकेत पहिला. उन्हाळ्यात दर शनिवारी शहराच्या भर पेठेत शेतकरी आपला माल घेऊन येतात, आणि शहरातली माणसे पिशव्या घेऊन बाजाराला लोटतात. ऑगस्टात राज्याची जत्रा भरते. दहा लाखांवर माणूस येतो. तिथे खऱ्या गायीएवढी लोण्याची गाय मांडतात. १९११ पासूनची ही चाल. ती पाहायला लहानथोर रांगा लावतात.

असा एकमेकांत घरोबा. तरी २०१५ साली शहर आणि शेतकरी कोर्टाची पायरी चढले. का, ते ऐका.

डि मॉईनला पिण्याचे पाणी रॅकून आणि डि मॉईन या दोन नद्यांचे. नद्यांच्या वरच्या अंगाला सारी शेती. तिथली जमीन मुळात पाणथळ. जुन्या शेतकऱ्यांनी जमिनीखाली नळ्या पुरून पाण्याचा निचरा केला, तेव्हा कुठे ते सोन्यासारखे रान झाले. आता मक्याला नत्र भरपूर लागते. पिकाने उचलून जे उरते ते नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली उतरते. माती त्याला धरून ठेवत नाही. ते नळ्यांतून चरात, चरातून नदीत आणि नदीतून शहराच्या नळाला येते.

हे नायट्रेट दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही. पण प्रमाणाबाहेर गेले, तर वरच्या दुधावरच्या तान्ह्या मुलाला त्याचा धोका मोठा. दूध कालवायला हेच पाणी वापरले, की बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते आणि अंग निळसर पडते. वेळीच इलाज झाला नाही तर जिवावर बेतते.

शहराच्या पाणी खात्याने १९९० नंतर लगेचच नायट्रेट काढण्याची मोठी यंत्रणा उभारली. ती चालवायला दिवसाला हजारो डॉलर लागतात आणि ते पाणीपट्टीतून जातात. शेवटी मार्च २०१५ मध्ये खात्याने वरच्या अंगाच्या सॅक, कॅल्हून आणि ब्युएना व्हिस्टा या तीन काउंट्यांतील निचरा मंडळांवर दावा ठोकला. शहर म्हणे, घाण तुमची आणि खर्च आमच्या माथी का? शेतकरी म्हणत, निचरा केल्याशिवाय पीक येत नाही. पाऊस किती पडावा हे आमच्या हाती आहे का? दोन्ही बाजूंत तथ्य होते. मार्च २०१७ मध्ये दावा निकालात निघाला. निचरा मंडळांकडून भरपाई मागता येत नाही, असे ठरले.

कोर्टाचे काम संपले, पण नदीतले नायट्रेट काही संपले नाही. जून २०२५ मध्ये ते इतके वाढले, की यंत्रणा रात्रंदिवस चालवूनही पुरेना. तेव्हा डि मॉईन आणि भोवतालच्या गावांतल्या लोकांना हिरवळीला पाणी घालण्याची बंदी झाली. अशी बंदी तिथे पहिल्यांदाच आली. नदी उशाला असून पाणी मोजून वापरण्याची पाळी!

मंडळी, तिथले काही शेतकरी आता मका काढल्यावर रान उघडे न ठेवता राय पेरतात. ते उरलेले नत्र शोषून घेते. ओढ्याकाठी गवताचे पट्टे राखतात. कुणी निचऱ्याचे पाणी लाकडाच्या भुशी-तुकड्यांच्या खड्ड्यातून सोडतात, म्हणजे नायट्रेट तिथेच जिरते. उपाय आहेत; पण ते करणारे अजून थोडे आहेत.

हे सारे तुम्हाला का सांगितले? आयोवात वरचा शेतकरी आणि पाणी पिणारा शहरवाला ही दोन वेगळी माणसे आहेत, म्हणून त्यांच्यात भांडण तरी झाले. आपल्याकडे युरिया टाकणारा आणि त्याच विहिरीचे पाणी पिणारा एकच घरधनी असतो. त्याने दावा कुणावर लावायचा? केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात जादा नायट्रेट आढळलेल्या राज्यांत महाराष्ट्राचेही नाव आहे. आपल्या देशात पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे.

तेव्हा युरिया एकदम न ओतता पिकाच्या वाढीप्रमाणे दोन-तीन हप्त्यांत द्या. माती तपासून मात्रा ठरवा. शेणखताचा उकिरडा, गोठ्याचे पाणी आणि शौचखड्डा विहिरीपासून लांब ठेवा. विहिरीचे पाणी ग्रामपंचायतीमार्फत जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या.

आणि मायबहिणींनो, एक गोष्ट पक्की ध्यानात धरा. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटले की ते दाट होते. म्हणून घरात वरच्या दुधावरचे तान्हे असेल, तर तपासणीचा कागद हाती येईपर्यंत त्याच्या दुधाला त्या विहिरीचे पाणी वापरू नका. गावात तपासलेले चांगले पाणी कुठे आहे ते आशाताईंना विचारा आणि तेवढी एक कळशी तिथून आणा.