‘तो’ या शब्दात कोण कोण?

कायद्याच्या पुस्तकातील ‘तो’ फार उदार असतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेने आठव्या कलमातच सांगून ठेवले होते की, ‘तो’ म्हणजे पुरुष अथवा स्त्री, कोणीही. १ जुलै २०२४ पासून तिची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेने या व्याख्येत पारलिंगी व्यक्तींचाही समावेश केला आहे. मग सर्वनामांचा वाद कशासाठी, असे काही मित्र विचारतात.

याचे उत्तर इंग्लंडच्या इतिहासात सापडते. कायद्यांतील पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश होतो, असे ब्रिटिश पार्लमेंटने १८५० मध्ये ठरविले. पुढे १८६७ च्या कायद्याने मताधिकार विस्तारताना ‘मॅन’ हा शब्द योजला. तेव्हा मँचेस्टरच्या पाच हजारांहून अधिक स्त्रियांनी याच नियमाच्या आधारे मतदारयादीत नाव मागितले. १८६८ मध्ये न्यायालयाने ही मागणी फेटाळली. कर भरताना व शिक्षा भोगताना स्त्री ‘तो’मध्ये होती, मताचा प्रश्न येताच ती त्याच्याबाहेर गेली. पुरुषांच्या बरोबरीचा मताधिकार मिळण्यास १९२८ साल उजाडावे लागले.

तर मग लिंगभेद नसलेले सर्वनाम असले की समता येते काय? तसेही नाही. फिनिश आणि फार्सी या दोन्ही भाषांत ‘तो’ व ‘ती’ यांसाठी एकच शब्द आहे. परंतु फिनलंडमध्ये स्त्रियांना मतदानाचा व निवडणूक लढविण्याचा अधिकार १९०६ मध्ये मिळाला, तर इराणमध्ये मताधिकारासाठी १९६३ पर्यंत थांबावे लागले. बंगालीत सर्वनामाला लिंग नाही, क्रियापदालाही नाही. तरीही सतीची चाल बंगालमध्ये बोकाळली होती आणि १८२९ मध्ये ती कायद्याने बंद करावी लागली. व्याकरण निर्दोष असल्याने समाज निर्दोष होत नाही.

म्हणून महत्त्व आहे ते जाणीवपूर्वक स्वीकारलेल्या शब्दाला. स्वीडिश भाषेत ‘तो’ व ‘ती’ यांच्या जोडीला ‘हेन’ हे सर्वनाम १९६० च्या दशकात सुचविले गेले. स्त्रीवादी व पारलिंगी कार्यकर्त्यांनी ते वापरून रुजविले आणि २०१५ मध्ये स्वीडिश अकादमीच्या शब्दकोशात त्याला स्थान मिळाले. अकादमीला लोकांच्या मागून जावे लागले.

मराठीत अडचण सर्वनामापुरती नाही. ‘मी’ला लिंग नाही; पण ‘मी जातो’ किंवा ‘मी जाते’ म्हणताच बोलणाऱ्याला एक बाजू घ्यावी लागते. नपुंसकलिंगी एकवचन प्रौढ व्यक्तीला लावणे अवमानाचे वाटते. तथापि ‘त्यांनी सांगितले’, ‘त्यांचे म्हणणे’ या रूपांत स्त्री-पुरुष भेद नाही आणि आदरही आहे. ‘सभासदाने त्याची वर्गणी भरावी’ याऐवजी ‘सभासदांनी वर्गणी भरावी’ असे आपल्या घटनेत व ठरावांत लिहिण्यास कोणाची आडकाठी आहे?

आपले लिंग कोणते हे ठरविण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात मान्य केले. तेव्हा समोरच्या व्यक्तीला कसे संबोधावे हे तिलाच विचारणे, एवढी रीत तरी कार्यकर्त्यांनी पाळली पाहिजे. पण तेवढ्यावर थांबता येणार नाही. घर, काम आणि शिक्षण यांचा झगडा शब्द बदलून संपत नाही. ‘तो’मध्ये सर्वजण आले, असे जो सांगेल त्याला आपण एवढेच विचारावे : हक्कांची वाटणी करतानाही ना?